तित्तराचा खुराक

प्लास्टिकच्या बरणीत नाकतोडे कोंडले की पहिली पाच मिनिटं ते झाकणावर आपटत राहतात. टक, टक, टक. मग थांबतात. ते थांबले की मला जास्त धास्ती वाटायची, कारण आता बरणी उघडायची वेळ झालेली असायची. मी पंधरा वर्षं आरोग्यसेविका आहे. किंचाळणाऱ्या लेकरांना सुया टोचल्यात, अडलेल्या बाईचं बाळंतपण चालत्या जीपमध्ये केलंय. माझा हात कधी थरथरला नाही. त्या भाद्रपदात मात्र बोटाएवढ्या हिरव्या किड्यापुढे माझ्या तळहाताला घाम सुटायचा, आणि घाम सुटतो म्हणून माझाच मला संताप यायचा.

तित्तर माझा नव्हता. तो शेजारच्या चाचांचा. जवळा बाजार या गावात आमच्या घराची आणि त्यांच्या घराची मधली भिंत एकच. चाचा पिंजारी, गाद्या भरणारे. त्यांच्या भुवयांवर कापसाचे तंतू कायम चिकटलेले असायचे. बायको वारलेली, एकुलती लेक नांदेडला दिलेली. दोन वर्षांपूर्वी सोयाबीनच्या काढणीत त्यांना मळणीयंत्राजवळ पाय मोडलेलं एक पिल्लू सापडलं, ते त्यांनी उचलून आणलं. पाय जुळला तो वाकडाच. हा पक्षी पिंजऱ्यात ठेवायला कायद्यानं बंदी आहे, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. पण लंगडं पाखरू रानात सोडायचं म्हणजे मुंगसाच्या पुढ्यात वाढून द्यायचं. मी सरकारी माणूस असून डोळ्यांवर कातडं ओढलं होतं.

चाचांना हर्निया होता आणि ते ऑपरेशन टाळत होते. त्यांच्या मागे लागले ती मीच. दर आठवड्याला भिंतीवरून डोकावून ओरडायची, "चाचा, आतडं अडकलं तर जीवावर बेतंल." त्यांचं उत्तर ठरलेलं. "इसको कौन देखेगा बेटी? लेकीच्या घरात मांजर हाय."

"मी बघते. तुमी जा बरं."

बोलून गेले. बोलायला काय लागतं? मला वाटलं, पाखरू म्हणजे मूठभर दाणे आणि वाटीभर पाणी.

ऑपरेशनसाठी नांदेडला निघायच्या सकाळी त्यांनी फडकं घातलेला कामट्यांचा पिंजरा आणून दिला, आणि सोबत झाकणाला भोकं पाडलेली ती बरणी. "दाना तर खातोच. पण सुबू-शाम खुराक पाहिजे. नाकतोडा न्हाई तर उधई, तुमची वाळवी. मरेला नको, बेटी. मरेला तो बघतबी न्हाई." मग त्यांनी करंगळी वळवळवून दाखवली. "हलतं पाहिजे."

आई ओसरीवर बसून सगळं ऐकत होती. घरात आम्ही दोघीच, ती आणि मी. चाचांची रिक्षा कोपऱ्यावरून वळल्यावर ती म्हणाली, "काय म्हणला त्यो? हलतं?"

"व्हय."

"वर्षावासात?"

आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास. पावसाच्या दिवसांत पायाखाली जीवजंतू चिरडतात म्हणून भिक्खू एका जागी राहतात, आणि आमच्यासारखी घरंही त्या तीन महिन्यांत शील जरा नेटानं पाळतात. आई तर फारच नेटानं. केरसुणी ती अशी फिरवायची की मुंग्यांना बाजूला व्हायला वेळ मिळावा. किडे-पाखरं जळू नयेत म्हणून बुद्धमूर्तीसमोरच्या मेणबत्तीवर कंदिलाची काच ठेवायची. मी थट्टा केली की म्हणायची, "तीस वर्सं दुसऱ्याच्या कापसावर फवारलं मी. पाठीवर पंप घेऊन. किती मेले त्याचा काही ठाव हाय का? आता हात मोकळे झालेत तर राहू दे मोकळे."

तिनं हुकूम केला. पिंजरा ओसरीवर राहील, बरणी उंबऱ्याच्या आत येणार नाही, आणि ती स्वतः त्यातल्या कशालाही हात लावणार नाही.

पहिला नाकतोडा मी घराच्या मागच्या गवतात पकडला. मुठीत तो पायांनी रेटत होता, आणि ते पाय माझ्या अंदाजापेक्षा फार दणकट होते. पिंजऱ्याच्या फटीतून आत सोडला. तित्तरानं मान तिरकी केली, दोन पावलं लंगडत आला, आणि टोच. मागचे पाय चोचीबाहेर राहिले. ते हलत होते. त्यानं एकदा झटका दिला आणि गिळलं. मग माझ्याकडे बघितलं, आणखी आहे का म्हणून.

मी पदराला हात पुसत राहिले. त्याच दुपारी मी गावात पाण्याचे रांजण तपासत फिरले, डेंग्यूचे दिवस होते. वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या की मी औषध टाकते, हौदात गप्पी मासे सोडते, आणि मासे अळ्या मटकावायला लागले की बायांना बोलावून कौतुकानं दाखवते. त्या दिवशीही दाखवलं. सायकलवरून परत येताना स्वतःला म्हटलं, बाई गं, हजारोंचं काही वाटत नाही आणि एकाचं एवढं? उत्तर लगेच मिळालं. अळीला तोंड दिसत नाही. नाकतोड्याला तोंड असतं.

पाखराचं तरी बरं होतं का? धनी गेल्यापासून तो दाण्याला तोंड लावेना. चाचा असताना बाजरी खायचा, आता खुराकाशिवाय काहीच नको. सकाळी मात्र ओसरीवरून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायचा. चाचा सांगायचे, तो 'सुभान तेरी कुदरत' म्हणतो, देवा तुझी करणी थोर. तिसऱ्या सकाळी आई चहा गाळता गाळता थांबली. "ऐक, काय ईचारून राहिलंय ते. किती तर? किती तर?"

त्यानंतर मला दुसरं काही ऐकूच येईना.

मी ठरवलं, याला सवय मोडायला लावायची. उकडलेलं अंडं कुस्करून ठेवलं. भिजवलेली डाळ ठेवली. मेलेला नाकतोडा दोऱ्याला बांधून पिंजऱ्यात नाचवला. तो दोनदा फसला, तिसऱ्यांदा दोरा बघून पाठ फिरवून बसला. चार दिवस मी हट्टानं जिवंत काही दिलं नाही. चौथ्या दिवशी त्यानं पिसं फुगवली, मान आत घेतली, आणि ओरडणं बंद झालं. छातीचं हाड बोटाला लागायला लागलं. मी पेशंट बघून बघून शहाणी झालेली बाई. असं गप्प पडलेलं लेकरू दिसलं की मी गाडी बोलावते.

त्याच संध्याकाळी नांदेडहून फोन आला. चाचांच्या टाक्यांत पू झाला होता, ताप उतरत नव्हता, आठ दिवसांचा मुक्काम लांबणार होता. त्यांचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा येत होता. "बेटी, मेरा बच्चा खाता क्या?"

"खातो की. मस्त हाय. तुमी इकडची फिकीर करू नका."

फोन ठेवला तर आई दारात उभी. पंचशीलातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं. ती एवढंच म्हणाली, "चौथंबी गेलं."

मी चिडून बाहेर पडले. पाखरू मेलं तर त्या म्हाताऱ्याला काय सांगणार होते? त्याला घराबाहेर काढलं मी, जबान दिली मी. घरी परतल्यावर त्याला जिवंत असं काय दिसणार होतं, गाद्यांचे ढीग? मी गवतात शिरले आणि अंधार पडायच्या आत सात नाकतोडे पकडून आणले. त्यानं सातही खाल्ले.

पण रोज सकाळ-संध्याकाळ मुठीत ते रेटणारे पाय मला सहन होईनात. मग मला एक पळवाट सुचली, खेड्यातल्या कोंबड्या पाळणाऱ्या बायांकडून बघितलेली. मडक्यात ओलं शेण आणि गोणपाटाचा तुकडा कोंबायचा, आणि शिवेवरच्या वारुळाजवळ ते पालथं घालायचं. सकाळी जाऊन बघावं तर गोणपाटाला पांढरी उधई लगडलेली असते. तेच गोणपाट पिंजऱ्यात झटकायचं. पकडायला नको, मुठीत धरायला नको. मी आईला मोठ्या फुशारकीनं सांगितलं, "मी कुणाला पकडलं न्हाई. त्या आपल्या पायांनी आल्या."

"व्हय, व्हय. तू जेवायला बोलिवलं, आन् ताटात त्यांनाच वाढलं."

मी गोणपाट झटकत राहिले. संध्याकाळी मात्र आम्ही दोघी रोजच्यासारख्या मूर्तीसमोर हात जोडून बसलो. पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि. जीवहत्येपासून दूर राहण्याचं शील मी ग्रहण करते. ही पहिली ओळ. लहानपणापासून म्हणत आलेली, तोंडात आपोआप येणारी. मी ती खणखणीत आवाजात म्हणायची, कदाचित त्या दिवसांत जरा जास्तच खणखणीत. तेव्हा तिकडे शिवेवर मडकं पालथं घातलेलं असायचं.

असे दहा-बारा दिवस गेले. तित्तर जगत होता, पण नुसताच जगत होता. अंगात साठा नव्हता. एक वेळचा खुराक चुकला तरी पिसं फुगवून बसायचा.

मग तो पाऊस आला. ओढ्यापलीकडच्या एका गावात लसीकरण होतं. सकाळी उशीर झाला म्हणून मी मडकं आणायला गेले नाही. म्हटलं, दुपारी दोनपर्यंत परत येतेच, तेव्हा बघू. बारा वाजता आभाळ फाटलं. दोन वाजता ओढ्यावरचा पूल दिसेनासा झाला. सोयाबीनच्या शेतांतून तांबडं पाणी वाहत होतं आणि माझी सायकल शाळेच्या व्हरांड्यात लोळत होती. संध्याकाळ झाली, पाणी उतरलं नाही. मी शाळेतच मुक्काम केला.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या वरच्या पायरीवर उभं राहिलं की फोनला जरा रेंज यायची. मी आईला फोन लावला.

"तू पाण्यात उतरू नको," ती म्हणाली. "सरकारचं काम सरकार बघंल."

"न्हाई उतरत."

"खाल्लं का काही?"

"खाल्लं. खिचडी."

 मला विचारायचं होतं, तो ओरडतोय का? आणि खरं विचारायचं ते वेगळंच होतं: माय, त्याला कुणी खाऊ घालील का? पण कुणी म्हणजे कोण? घरात तिच्याशिवाय होतंच कोण? तीस वर्षांनी मोकळे झालेले हात मी कशासाठी मागायचे, माझ्या एका शब्दापायी? मी विचारलं नाही. फोनमध्ये मागून काही ऐकू येतंय का म्हणून कान ताणले. काही ऐकू आलं नाही. तिनं फोन ठेवला.

त्या दिवशी मी दहा वेळा ओढ्यावर जाऊन पाणी बघितलं. गावकऱ्यांना वाटलं, बाईला घरची ओढ लागलीय. मला डोळ्यांसमोर पिंजऱ्याच्या तळाला पडलेला वाकडा पाय दिसत होता. चाचांना फोनवर काय सांगायचं त्याची मी तयारी करत होते, आणि प्रत्येक वाक्य खोटं निघत होतं. आईवरही राग येत होता. वाटायचं, एका म्हाताऱ्याचा जीव त्या पाखरात अडकलाय, आणि ही बसलीय हातावर हात ठेवून. पुढच्याच क्षणी त्या रागाची लाज वाटायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी पूल उघडा पडला. मी सायकल कशी मारली मला आठवत नाही. गल्लीच्या तोंडाशी आले आणि आधी ब्रेक दाबला, कारण पुढे जायचं धाडस होईना. तेवढ्यात ऐकू आलं. किती तर. किती तर.

ओसरीच्या पायरीवर मडकं उताणं पडलं होतं, धुतलेलं. पलीकडे आई बसली होती आणि तांब्यातलं पाणी ओतून पाय चोळत होती. पोटऱ्यांपर्यंत तांबडी माती. शिवेवरचं वारूळ आमच्या घरापासून चांगलं दूर आहे, आणि पावसात ती वाट म्हणजे नुसता चिखल. तिचे गुडघे दुखतात म्हणून ती विहारातसुद्धा माझ्या मागे सायकलवर बसून जाते.

मी तिच्याकडे बघत उभी राहिले. तिनं वर बघितलं नाही.

"अंडं दिलं, न्हाई खाल्लं," ती म्हणाली. "बाजरी दिली. हात जोडले म्हण ना. काल दुपारपासून वरडणंबी बंद झालं. मान टाकून राहिलं होतं."

"मग?"

"मग काय. गेले."

"पावसात?"

"पावसात उधई वर येते. तुला काय माहीत." तिनं दुसऱ्या पायावर पाणी घेतलं. "एकदम न्हाई ओतली. एक एक दिली, बोटावर घेऊन. त्याचं पोट भरलं की थांबले. उरलेल्या नेऊन सोडल्या वारुळावर."

म्हणजे ती दोनदा गेली होती. एकदा आणायला आणि एकदा उरलेल्या परत पोचवायला. मी रोज गोणपाट झटकून उरलेली उधई अंगणात टाकून द्यायची; मुंग्या नेतात, नाही तर कोंबड्या. परत नेऊन सोडायचं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. तिची उजवी तर्जनी टोकाशी चोचीनं लाल झाली होती. तिच्या हातून टॉवेल घेऊन मी तिचे पाय पुसले. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

"रडून राहिलीस काहून?" ती म्हणाली. "जगलं ना ते."

संध्याकाळी मेणबत्ती लागली, वर कंदिलाची काच बसली. आम्ही हात जोडून बसलो. त्रिशरण झालं. मग मी सवयीनं पहिली ओळ सुरू केली, आणि पाणातिपाता म्हणेपर्यंत माझ्या लक्षात आलं की आवाज माझा एकटीचाच आहे. आईचे ओठ मिटलेले होते. डोळेही मिटलेले. माझी ओळ कशीबशी संपली. तिनं थोडं थांबून दुसरीपासून सुरुवात केली, आणि पुढचं सगळं नेहमीसारखं, न अडखळता म्हटलं.

"पहिली सुटली तुझी," मी नंतर म्हटलं. मला माहीत होतं सुटली नव्हती.

"मोडलं तर म्हणू कसं? चौथंबी हायेच ना, खोटं न बोलायचं." मेणबत्ती विझवता विझवता ती पुढे बोलली, टोमणा न मारता, सहज. "तू मोडूनबी म्हणत होतीस. म्या काही बोलले न्हाई. ज्याचं त्यानं बघावं."

कुणी थोबाडीत मारली असती तर एवढं लागलं नसतं. बारा दिवस माझा तो खणखणीत आवाज तिनं शेजारी बसून ऐकला होता.

दुसऱ्या दिवसापासून मीही दुसऱ्या ओळीपासून म्हणायला लागले. खुराकाचं काम आम्ही वाटून घेतलं. मडकं मी आणायची, बोटावर घेऊन एक एक ती द्यायची, उरलेली मी परत नेऊन सोडायची. हे काम सोपं झालं नाही कधी. उलट रोज जास्त कठीण झालं, कारण आता मी बघत होते. चाचांचा फोन आला की आईच घ्यायची आणि सांगायची, "हाय जित्तं. बारीक झालंय. लवकर या."

चाचा आले तेव्हा त्यांचा सदरा अंगावर लोंबत होता. त्यांनी फडकं उचललं, जीभ टाळ्याला लावून आवाज काढला, आणि तित्तर लंगडत कामट्यांपाशी येऊन त्यांच्या बोटाला चोच घासायला लागला. मग ओरडला. चाचांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "सुना? सुभान तेरी कुदरत." ते आईकडे वळले. "बाई, तुमने इसकी जान बचाई. अल्ला तुमचं भलं करो."

"एकाची वाचिवली, भाऊ," आई म्हणाली. "बाकीच्यांचं ईचारू नका."

 चाचांची नजर पायरीवरच्या मडक्याकडे गेली, मग आईच्या हातांकडे. त्यांनी मान खाली घातली. मग पिंजरा उचलून सावकाश घरी गेले. पिंजरा त्यांना पेलत नव्हता, मी पलीकडून धरला.

संध्याकाळी ओसरी रिकामी होती. मडकं मी परसात नेऊन ठेवलं होतं. मेणबत्ती लागली, काच बसली. मला वाटलं, आज ती म्हणेल. त्रिशरण संपलं आणि मी तिच्यासाठी थांबले. ती गप्पच.

"माय, आता तर त्यो गेला," मी हळूच म्हटलं.

"त्यो गेला. उधई कुठं वापस आली?" डोळे न उघडता ती म्हणाली. "पौर्णिमेला विहारात भन्तेजींकडून नव्यानं घेईन. तवा म्हणीन."

पौर्णिमेला अजून बरेच दिवस होते. भिंतीपलीकडे तित्तर एकदा ओरडला. आईनं दुसरी ओळ सुरू केली, आणि मी तिच्यामागे म्हणायला लागले.